तीन मुलांचा उपदेश आणि तिसऱ्या मुलाची शिक्षा

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी एका कुलसंमेलनात समाजाला उपदेश केला. २.१ च्या खाली गेलेला समाज पृथ्वीवरून नष्ट होतो, असे लोकसंख्याशास्त्र सांगते, तेव्हा दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन तरी मुले हवीत! आता गंमत पाहा. ज्या महाराष्ट्रात हा उपदेश झाला त्याच महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल जन्माला आले, तर ग्रामपंचायतीचे सदस्यपद जाते. २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. म्हणजे व्यासपीठावर तिसऱ्या मुलाचा उपदेश आणि तहसील कचेरीत तिसऱ्या मुलाची शिक्षा. उपदेश कोणासाठी आणि शिक्षा कोणासाठी, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

परंतु नुसते चिडून भागणार नाही. लोकसंख्या हे शास्त्र आहे. त्याच्या नावाने आमच्यावर दीडशे वर्षे जे लादले गेले त्याला उत्तर द्यायचे, तर ते शास्त्र आधी आपल्याला समजले पाहिजे. अमेरिकेतून आणि लंडनहून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बापाची आपण लेकरे आहोत. आकड्यांना घाबरायचे कारण नाही.

कोणत्याही जिवाची संख्या चार गोष्टींनी ठरते. किती जन्मले, किती मेले, बाहेरून किती आले आणि इथून किती गेले. बस्स. हरणांचा कळप असो, तळ्यातले मासे असोत की कामगारवस्ती असो, हिशेब हाच. अन्न मुबलक आणि शत्रू नसेल तर संख्या दुपटीने वाढत जाते. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. सुरुवातीला ही वाढ डोळ्यांत भरत नाही आणि भरते तेव्हा उशीर झालेला असतो. मग जागा, चारा, पाणी कमी पडू लागते. गर्दी वाढली की रोग पसरतो, पिल्ले जगत नाहीत, वाढ मंदावते आणि एका पातळीला थांबते. ती जागा जितक्या जिवांना कायम पोसू शकते त्या संख्येला धारणक्षमता म्हणतात. हे गणित १८३८ साली बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने मांडले.

थांबण्याऐवजी कोसळणेही होते. बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचे बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे ठेवलेल्या अमेरिकन जवानांना अडीअडचणीला अन्न असावे म्हणून १९४४ साली २९ रेनडिअर सोडण्यात आले. युद्ध संपले, जवान निघून गेले, रेनडिअर राहिले. त्यांना खाणारा लांडगा तिथे नव्हता आणि जमिनीवर दगडफुलाच्या जातीची वनस्पती भरपूर होती. १९६३ च्या उन्हाळ्यात मोजले तेव्हा ते सुमारे ६,००० झाले होते. तोवर त्यांनी सगळे दगडफूल खाऊन, तुडवून संपवले होते आणि ते पुन्हा उगवायला कित्येक वर्षे लागतात. पुढचा हिवाळा कडक आला. १९६६ मध्ये शास्त्रज्ञ पुन्हा गेले तेव्हा सांगाड्यांच्या सड्यात फक्त ४२ रेनडिअर जिवंत होते.

ही हकीकत खरी आहे आणि शास्त्रही खरे आहे. निसर्गाला मर्यादा नाही असे म्हणणारा वेडाच. मराठवाड्यात टँकरच्या मागे धावणाऱ्या मायबहिणींना मर्यादा म्हणजे काय हे कोणत्याही प्राध्यापकापेक्षा अधिक कळते. पण आमचा एक प्रश्न आहे. त्या बेटावर कोणा रेनडिअरकडे दगडफुलाचे कोठार होते काय? कोठाराला कुलूप होते काय? अमुक कुळातल्या रेनडिअरने बेटाच्या उत्तरेला चरू नये, पाणवठ्याला शिवू नये, असा कोणा रेनडिअरने ग्रंथ लिहून ठेवला होता काय? नव्हता! तिथे उपासमार आली ती सगळ्यांवर आली. माणसाच्या समाजात ती सगळ्यांवर येत नाही. रेनडिअरचे गणित जसेच्या तसे उचलून माणसाला लावणारे नेमके हेच दडवतात.

दडवण्याचे हे काम जुने आहे. लोकसंख्या दुपटीने वाढते, अन्न बेरजेने वाढते, म्हणून गरिबी आणि दुष्काळ अटळ आहेत, असे इंग्लंडच्या माल्थसने १७९८ मध्ये लिहिले. हा माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत कोठे शिकवत होता? ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात! हिंदुस्थानावर राज्य करायला निघालेले कोवळे साहेब त्याच्याकडून अर्थशास्त्र शिकून बोटीवर चढत. त्या विचाराचे पीक १८७६-७८ च्या दुष्काळात आले. लोक रस्त्यावर मरत होते आणि धान्य बंदरांतून परदेशी जात होते. सर रिचर्ड टेंपल याने खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे ठरवले. त्याच काळात सावित्रीमाई जुन्नर भागातल्या ओतूरहून २० एप्रिल १८७७ च्या पत्रात जोतिरावांना दुष्काळाचे हाल कळवत होत्या आणि सत्यशोधक मंडळी धनकवडीच्या छावणीत पोरक्या लेकरांना जेवू घालत होती. साहेब डोकी मोजत होता, सत्यशोधक ताटे मांडत होते. धान्य नव्हते असे नाही. ते कोणाच्या हातात होते, हा प्रश्न होता.

याहून बोलका पुरावा १९१८ चा आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इन्फ्लुएंझाची साथ आली. भारताच्या जनगणनेत एकच दशक असे आहे की ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. ते १९११ ते १९२१ चे दशक आणि त्याचे मोठे कारण ही साथ. गर्दी वाढली की रोग वाढतो हा शास्त्राचा नियम. ठीक. पण मुंबई शहरातल्या मृत्यूंची त्या वेळची आकडेवारी काय सांगते? युरोपियनांत हजारी ८.३ मेले. पारशांत ९. स्पृश्य हिंदूंत १८.९. आणि ज्यांना सरकारी कागदांत खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे, त्यांच्यात हजारी ६१.६! शहर एक, वारा एक, विषाणू एक. तरीही युरोपियनाच्या सातपट आणि सवर्ण हिंदूच्या तिपटीहून अधिक मरण आमच्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आले. एकेका खोलीत दहा-दहा माणसे कोंबलेल्या चाळी, अर्धपोटी गोदी कामगार, दार न उघडणारा डॉक्टर. विषाणूला जात कळत नव्हती, खोलीला कळत होती. मृत्युदर हा नुसता निसर्गाचा आकडा असतो असे ज्यांना वाटते त्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

योगायोग असा की त्याच १९१८ साली बाबासाहेबांचा हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे फार झाले, ते एकत्र केले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे पंडित म्हणत. बाबासाहेबांनी सांगितले की रोग तुकड्यांचा नाही. शेतीशिवाय दुसरा धंदाच नसल्याने सगळा भार जमिनीवर पडला आहे आणि असंख्य हात रिकामे आहेत. उपाय औद्योगिकीकरण. आजच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, माणसाची धारणक्षमता देवाने आखून दिलेली नसते. अवजारे, भांडवल, ज्ञान आणि वाटप बदलले की ती बदलते. तिशीही न गाठलेल्या एका महार तरुणाने हे मांडले. आमच्या शाळांतल्या किती पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख आहे?

नंतरच्या आकड्यांनी त्यांचेच म्हणणे खरे केले. १९५१ मध्ये आपण ३६ कोटी होतो, आज १४० कोटींच्या पुढे आहोत, म्हणजे चौपट. धान्य १९५०-५१ मध्ये सुमारे ५ कोटी टन होते, २०२२-२३ मध्ये सुमारे ३३ कोटी टन झाले. माणसे चौपट, धान्य सहापटीहून जास्त. मग २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के लेकरे वयाच्या मानाने खुजी का सापडली? हा दोष लोकसंख्येचा म्हणायचा की कोठाराच्या किल्लीचा?

येथे आमचे काही वाचक टाळ्या वाजवतील. लोकसंख्येचा बाऊ म्हणजे मनुवाद्यांचा कावा, तेव्हा होऊ द्या मुले, असा अर्थ ते काढतील. थांबा! बाबासाहेबांनी असा अर्थ काढला नव्हता. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा दिला. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकावरच्या खटल्यात र. धों. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक प्रश्नांची उत्तरे छापली म्हणून कर्व्यांना अश्लील ठरवणारे पुण्या-मुंबईचे सभ्य लोक एकीकडे आणि त्यांच्यासाठी कोर्टात उभे राहिलेले बाबासाहेब दुसरीकडे. आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहात तो पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मांडला, भाषण बाबासाहेबांचे होते. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याच्या पुरेशा सोयी द्याव्यात, एवढीच मागणी. सतत बाळंतपणे लादली गेल्याने बाईच्या शरीराची कशी नासाडी होते, हे त्यात स्वच्छ मांडले होते. बाळंतपणाच्या वेदना पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला तो तयार झाला नसता, अशा आशयाचा टोलाही त्यात आहे. ठराव ५२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला गेला. पुढे १९५१ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यातही संततिनियमनाचा प्रचार आणि दवाखाने यांचा आग्रह होता.

ठरावात काय होते ते नीट पाहा आणि काय नव्हते तेही पाहा. प्रचार होता, सोय होती, बाईचे आरोग्य होते. शिक्षा नव्हती. अपात्रता नव्हती. रेशन तोडणे, नोकरी नाकारणे नव्हते. बाबासाहेबांचे संततिनियमन आणि सरकारचे लोकसंख्या नियंत्रण यांच्यात एवढे अंतर आहे!

सरकारने पुढे काय केले? आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंद्या केल्या. महाराष्ट्राने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच १९७६ मध्ये संमत केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या वेळी शस्त्रक्रिया बहुतेक पुरुषांच्या झाल्या. पुरुष चिडला, सरकार पडले आणि राज्यकर्त्यांनी धडा घेतला. कोणता? तर सुरी पुरुषाला लावायची नाही, बाईला लावायची! २०१९-२१ च्या पाहणीत नसबंदी झालेल्या स्त्रिया ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात घाईघाईने शस्त्रक्रिया झालेल्या गरीब घरच्या बाया पटापट मेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही शिबिरेच बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. याच न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या खटल्यात पंचायतीसाठीची दोन मुलांची अट मात्र वैध ठरवली होती.

ही अट कोणाला लागते? खासदाराला नाही, आमदाराला नाही. पंचाला लागते. ७३ व्या घटनादुरुस्तीने दलित, आदिवासी आणि स्त्रिया पंचायतीच्या खुर्चीवर बसू लागल्या न लागल्या तोच हे कायदे राज्याराज्यांत आले. निर्मला बुच यांनी निरनिराळ्या राज्यांत जाऊन पाहणी केली तेव्हा अपात्र ठरलेल्यांत दलित, आदिवासी आणि मागासवर्गीयच मोठ्या संख्येने आढळले. पद वाचवण्यासाठी बायकोला टाकणे, मूल आपले नाही म्हणून सांगणे, पोट पाडणे हे सगळे प्रकार आढळले. तिसरे मूल व्हावे की नाही हे ज्या घरात बाईला कोणी विचारत नाही, त्याच घरातल्या बाईचे सरपंचपद त्या मुलापायी जाते.

आणि शिक्षेने संख्या कमी होते तरी का? अनुसूचित जातींत एका स्त्रीला सरासरी होणारी मुले १९९२-९३ मध्ये ३.९ होती, २०१९-२१ मध्ये २.१ वर आली. 'इतर' म्हणवणाऱ्यांत १.९ आहे. फरक उरला किती? मुसलमानांच्या नावाने रोज भोंगा वाजतो, पण त्यांचा आकडा याच काळात ४.४ वरून २.४ वर आला, ही घट सर्वांत मोठी. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुले, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८. अर्भकमृत्यू १९७१ मध्ये हजारी १२९ होते, २०२३ मध्ये २५ आहेत. पाच झाली तर तीन जगतील, या भीतीने आमच्या आजीने पाच होऊ दिली. तिच्या नातीला जन्मलेले लेकरू जगेल याची खात्री आहे, हातात पुस्तक आहे, म्हणून ती दोनवर थांबते. जात नव्हे, शाळा आणि दवाखाना हे आकडे ठरवतात. ज्यांनी ते दिले नाहीत त्यांनीच आम्हाला 'फार पोरे काढणारे' म्हणून हिणवले.

आता २.१ चे कोडे. आई-बापांच्या जागी दोन मुले आली की पिढी भरून निघते. वरचे ०.१ कशासाठी, तर काही मुली आई होण्याच्या वयाआधीच दगावतात आणि मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात म्हणून. पण हा आकडा गाठला की दुसऱ्या दिवशी लोकसंख्या थांबत नाही. काल जन्मलेल्या मोठ्या पिढीच्या मुली आज आई होत आहेत. प्रत्येकीला दोनच झाली तरी आया जास्त म्हणून बाळे जास्त. चालत्या गाडीला ब्रेक लावला तरी ती काही अंतर पुढे जाते, तसे. देशाचा जननदर २.० वर, महाराष्ट्राचा १.७ वर आला, तरी संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने भारताची संख्या या शतकाच्या साठीपर्यंत वाढत राहून १७० कोटींच्या आसपास जाईल. तेव्हा समाज नष्ट होण्याची हाकाटी आणि लोकसंख्येच्या स्फोटाची हाकाटी, दोन्ही एकाच वेळी खोट्या आहेत. खरी गोष्ट निराळीच आहे. आज तरुण असलेला हा जथा आणखी तीस-चाळीस वर्षांनी म्हातारा होईल. आमच्या वस्तीतल्या कंत्राटी सफाई कामगाराला, ऊसतोड बाईला पेन्शन कोण देणार? यावर नागपूरला भाषण झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शेवटी आमच्याच लोकांना दोन शब्द. जातनिहाय गणनेचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी झाला, २०२७ च्या जनगणनेची घोषणा झाली, त्यानंतर मतदारसंघांची फेररचना येणार. या वातावरणात आमच्यातलेही काही वक्ते म्हणू लागले आहेत की संख्या हीच सत्ता, त्यांनी तीन म्हटले तर आपण चार म्हणू. ज्याची जेवढी संख्या तेवढा त्याचा वाटा, ही मागणी आहे त्या माणसांना वाटा मिळावा म्हणून होती, वाट्यासाठी माणसे वाढवावीत म्हणून नव्हती. चौथे मूल पोसायला, शिकवायला तो वक्ता येणार नाही. आणि ते पोटात वाढवणारी बाई त्याच्या सभेत मागच्या सतरंजीवर बसलेली असते, तिला तो विचारतही नाही. संघाच्या गणितात ती हिंदूंची संख्या वाढवणारे यंत्र, सरकारच्या गणितात नसबंदीचे उद्दिष्ट आणि आमच्या गणितात मतपेटी, एवढीच तिची किंमत आम्ही करणार असू, तर १९३८ च्या ठरावाचे वारस आम्ही कसले?

आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठीची दोन मुलांची अट काढून टाकली. तिथल्या मुख्यमंत्र्यांना अधिक मुले हवी आहेत म्हणून काढली, बाईच्या हक्कासाठी नव्हे, हेही लक्षात असू द्या. महाराष्ट्रात ती अट अजून तशीच आहे. राखीव मतदारसंघांतून निवडून आलेले आमदार आमच्या विधानसभेत आहेत, जयंतीला निळा फेटा बांधून मिरवणुकीपुढे असतात. पंचायतीची ही अट रद्द करा, सक्ती बंद करा, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पाळणा लांबवायची सगळी साधने आणि पुरुष नसबंदीची सोय ठेवा, असे अशासकीय विधेयक त्यांच्यापैकी एकाने तरी मांडावे. रोहम यांच्या बाजूने अकराच मते पडली होती, तरी ठराव मांडला गेला आणि सभागृहाच्या दप्तरात राहिला. आमचे आमदार कोणत्या अधिवेशनाची वाट पाहात आहेत?